रावयाच्या हातावरची गाठ

गलीला सोळाची असताना तिच्या भावानं तिला कैरोबाहेरच्या कुष्ठवस्तीच्या फाटकाशी आणून सोडलं. ऊस घेऊन येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. आमच्या गावाकडचा, सोहागचा ऊस अजून पिकायचाय, असं ती पुढे हसत सांगायची. वस्तीतच तिनं अवादशी लग्न केलं, बदकं पाळली, आणि आशा सोडल्यावर कुठे रावया झाली. गलीलाच्या हातांना गरम-गार कळत नसे. चहाचा पेला धरण्याजोगा आहे का, हे रावयानं बोट लावून सांगायचं.

रावया आठ वर्षांची होती तेव्हा डॉक्टर मगदानं मायलेकींच्या हातात एकेक सुई टोचली. मेलेल्या जंतूंचं पाणी आहे, महिन्याभरानं बघू, असं काहीसं ती म्हणाली. पण त्या दिवशी दुधाचं वाटप होतं. रांग सोडून डॉक्टरचं ऐकत बसेल अशी बाई वस्तीत नव्हती.

महिना सरत आला तरी गलीलाच्या हातावर पुरळसुद्धा नव्हतं. रावयाच्या हातावर मात्र हरभऱ्याएवढी लाल गाठ आली. आता वस्तीत निदान करायला डॉक्टर कशाला लागतो? कातडी गुळगुळीत म्हणजे रोग गेला, गाठ आली म्हणजे रोग आला, एवढं तिथलं शेंबडं पोरही जाणे. शेजारणी गलीलाला मुबारक म्हणून गेल्या. अवादनं तर गल्लीभर सरबत वाटलं. रावयाची गाठ कुणी पाहिली नाही. पाहिली ती एकट्या गलीलानं. आपण बऱ्या झालो आणि पोरीला देऊन बसलो, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

तिनं पोरीला लांब बाह्यांचा झगा घातला. एका ताटलीतून फूल, म्हणजे बाकल्याची उसळ, खाणारं घर, तिथे तिनं रावयाची ताटली वेगळी केली. रात्री पोर कुशीत शिरायला आली की ती पाठ फिरवून झोपायची. रावयानं एकदाच विचारलं, मी काय केलं? गलीला बदकांवर ओरडत बाहेर निघून गेली. इतकी मायाळू बाई, पण भीतीनं पार दगड झाली होती.

तपासणीच्या दिवशी ती पोरीला घेऊन गेली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "हिला फयूमला बहिणीकडे पाठवते, डॉक्टर. माझ्यापाशी राहून पोरीचं वाटोळं झालं."

मगदानं गाठ बोटानं चाचपली. मग पोरीचं सारं अंग तपासलं, डोळे मिटायला लावून पिसानं जागोजागी स्पर्श केला. रावयाला सगळीकडे कळत होतं, वर गुदगुल्याही होत होत्या.

"रावयाची आई, हिला काही झालेलं नाही. हिच्या रक्तातले राखणदार जागे आहेत. सुईतला मेलेला चोर दिसला तरी धावून गेले, त्या झटापटीची ही गाठ. हिला हा रोग सहसा धरायचा नाही."

"आणि माझा हात? तो तर स्वच्छ आहे."

मगदानं तिचा हात उलटसुलट करून पाहिला. "तुझे राखणदार चोराला ओळखतच नाहीत. म्हणून तर गोळ्या चुकवायच्या नाहीत. बहुधा जन्मभर."

गल्लीभर वाटलेलं सरबत असं वाया गेलं. पण गलीलाला त्याचं काही वाटलं नाही. ती हसली आणि हसताहसताच रडायला लागली.

"आमच्या घराण्याची रीतच ती, डॉक्टर. दारी आलेल्याला जा म्हणायला कधी जमलंच नाही."

रावयाला राखणदार तेवढे कळले होते. ती खुर्चीवरून उतरली आणि बाही सारून आपला हात आईच्या हातावर दाबून धरला, गाठ बरोबर आईच्या कातडीला टेकेल असा.

"काय करतेस गं?" गलीलानं विचारलं.

"थोडे तुझ्याकडे पाठवतेय. तुला कळतायत का?"

गलीलाच्या त्या हाताला गेली कित्येक वर्षं काहीच कळत नव्हतं.

"कळतायत," ती म्हणाली. "काढू नकोस हात."