तळ्यात पाणी कुठून येतं

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, राजवाड्यांचं काडीचंही कौतुक नव्हतं. लंडनजवळ हॅरोला आमच्याकडे ते पाच महिने राहायला आले होते, तेव्हा मी त्यांना विंडसर दाखवलं, हॅम्प्टन कोर्ट दाखवलं. दोन्हीकडे माणसं माना वर करून छतं बघत होती आणि अण्णा मान खाली घालून गटारं बघत होते. "पन्हाळी चांगल्या ठेवल्यात," एवढाच अभिप्राय. जन्मभर पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करणार? जगात दोनच प्रकारच्या जागा असतात, जिथे पाणी पोचतं त्या आणि जिथे पोचत नाही त्या, असं ते म्हणायचे. बाकी सगळी सजावट.

आई जाऊन वर्ष झालं होतं. सांगलीच्या घरात एकटे काय करताय, या, म्हणून मीच मागे लागले होते. आले, पण लेकीच्या घरी राहणं त्यांना मनापासून अवघड वाटे. त्यांच्या लहानपणी बाप लेकीच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नसे. "मी तर इथे आंघोळपण करतो. म्हणजे सुधारकच की!" असं हसत म्हणायचे. पण राहायचे असे, की घरात एक माणूस वाढलंय याचा पत्ता लागू नये. आम्ही उठायच्या आत आंघोळ, आम्ही कामावर गेल्यावर जेवण, ताट-वाटी धुऊन पुसून जागच्या जागी. दार लावतानाही आवाज नाही. मी सकाळी मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी पकडायला धावत सुटायचे आणि संध्याकाळी परतायचे. मधल्या दहा तासांत ते काय करतात, हे मी कधी विचारलं नाही. त्या महिन्यांत नवऱ्याशी माझी भांडणंही कमी झाली होती. त्याचं श्रेय मी माझ्या वाढत्या समजूतदारपणाला दिलं.

एके दिवशी स्टेशनजवळच्या चॅरिटी शॉपमधून त्यांनी हजार तुकड्यांचं एक जिगसॉ आणलं. खोक्यावर चित्र होतं : एक लांबट तळं, दोन्ही अंगांना मेंदीच्या कुंपणासारखी कातरलेली झुडपं, पलीकडे मनोरा, आणि तोच मनोरा पाण्यात उलटा. खाली लिहिलेलं, अल्हाम्ब्रा, ग्रानाडा, स्पेन. पुढचे तीन आठवडे डायनिंग टेबल अडकून पडलं आणि मी आणि नवरा सोफ्यावर मांडीत ताटं घेऊन जेवलो. पुरं झालं तेव्हा तीन तुकडे कमी निघाले. सगळे आकाशातले होते, त्याचं अण्णांना काही नव्हतं. त्यांचा प्रश्न निराळा होता.

"एवढ्या टेकडीवर तळं. त्यात तिकडचा उन्हाळा. पाणी रोज उडणार, म्हणजे रोज नवं यायला पाहिजे. मग येतं कुठून? आणि येत असेल तर हा मनोरा हलत कसा नाही?"

चित्र अलीकडचा काठ येण्याआधीच संपत होतं. मी फोनवर शोधून त्यांना वाचून दाखवलं, की वर डोंगरात नदी अडवली आहे आणि तिथून पाट काढून पाणी आणलंय.

"ते मला ठाऊकच आहे गं. पाणी काही चढत नसतं, वरनंच आणावं लागतं. मी विचारतोय, तळ्यात शिरतं कसं? आणि फोटोतलं पाणी मला दाखवू नकोस. पाणी समोर बसून बघावं लागतं."

आई गेल्यापासून त्यांनी कशाबद्दल इतकं सलग बोललेलं मी ऐकलं नव्हतं. युरोप दाखवायचा म्हणून शेंगेनचा व्हिसा मी त्यांना मुंबईहूनच काढून यायला लावलं होतं. त्याच आठवड्यात मी विमानाची आणि अल्हाम्ब्राच्या राजवाड्याची तिकिटं काढली. नवऱ्याला रजा नव्हती. बापलेक दोघंच जायचं ठरलं.

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे सहलीतही मी चूक होऊ देत नाही. एक्सेलची शीट केली. अल्हाम्ब्राला बागा आणि किल्ला कधीही बघता येतात, पण ते तळं ज्या आतल्या महालात आहे, तिथे जायची वेळ तिकिटावर छापलेली असते. वेळ चुकली की प्रवेश नाही. आमची होती साडेअकराची. मी अण्णांना हे घरी सांगितलं, विमानात सांगितलं, हॉटेलात सांगितलं.

"अण्णा, आपला स्लॉट साडेअकराचा आहे. मिस झाला तर नो एन्ट्री. कळलं?"

"कळलं की. मी काय लहान आहे?"

विमानतळावर तपासणीत त्यांची पाण्याची बाटली काढून घेतली, तेव्हा मात्र ते लहान मुलासारखे हिरमुसले. ती अर्धी भरलेली बाटली त्यांचं हत्यार होतं. जमिनीवर आडवी ठेवायची आणि आतलं पाणी कुठल्या अंगाला जातंय ते बघायचं, की ढाळ कळला. ग्रानाडाला उतरल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते बाटली विकत घेण्याचं, आणि तिथल्या तिथे निम्मं पाणी पिऊन टाकलं.

सकाळी नऊला आम्ही बागांमध्ये होतो. तिथे वर एक जिना आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर कौलं उलटी घातल्यासारखी पन्हाळ केलेली आहे आणि तिच्यातून पाणी धावतं. म्हणजे हात टेकायचा तो वाहत्या पाण्यात. अण्णांनी चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि कठड्याच्या पाण्यात हात बुडवून ते जिना चढले. मग उतरले. मग परत चढले. बाटली आडवी ठेवून दर पायरीशी ढाळ बघितला. मी घड्याळ बघत होते.

पावणेअकराला मी त्यांना एका बाकावर बसवलं, हलायचं नाही म्हणून बजावलं, आणि कॉफी आणायला रांगेत उभी राहिले. परत आले तर बाक रिकामा. त्यांचा फोन तिथे चालत नव्हता. मी हाका मारत बागभर धावले. आधी राग, मग भीती, मग दोन्ही एकदम. अर्धा तास उलटून गेल्यावर ते एका कुंपणापलीकडे सापडले, वाफ्यात उकिडवे बसलेले. सोबत एक म्हातारा माळी. माळ्याने एक छोटी फळी उचलून पाटाचं पाणी वाफ्यात सोडलं होतं, आणि आमच्याकडे पिकाला पाणी देताना दारं कशी धरतात, ते अण्णा त्याला हाताने मातीचा बांध घालून दाखवत होते. एक मराठीत बोलत होता, एक स्पॅनिशमध्ये, आणि दोघांचं झकास चाललं होतं. पँट घोट्यापर्यंत चिखलाने भरलेली. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"ये, ये! हा बघ, हासुद्धा आपल्याच खात्यातला!"

मी त्यांचा दंड धरला आणि ओढत निघाले. महाल त्या टोकाला, आम्ही या टोकाला. दारावर पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. पहारेकऱ्याने तिकीट बघितलं, घड्याळ बघितलं आणि मान हलवली. मी विनवलं, वडिलांचं वय सांगितलं. तो सभ्यपणे नाहीच म्हणत राहिला. त्या दिवसाची बाकीची तिकिटं कधीच संपली होती आणि संध्याकाळी परतीचं विमान होतं.

"असू दे," अण्णा म्हणाले. "पुढच्या वेळी बघू."

"पुढची वेळ कुठली, अण्णा? तुमच्या वयाला पुढची वेळ नसते! इतक्यांदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तुम्हाला काही दाखवण्यात अर्थच नाही!"

हे मी चारचौघांत, ओरडून म्हटलं. तिथे मराठी कळणारं कोणी नव्हतं, फक्त ते एकटे होते.

 अण्णांनी खिशातून एक संत्रं काढलं, माळ्याने दिलेलं. सोललं, निम्मं माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं, कारण ते कडूजहर होतं. तरी त्यांनी ते सगळं खाल्लं. "मग असं कर," ते म्हणाले, "तू तरुण आहेस. तू ये परत. तळ्यात पाणी कसं शिरतं ते बघ आणि मला सांग."

महिन्याभराने ते सांगलीला परतले. व्हिसा सहा महिन्यांचा होता, पण जावयाच्या घरी पाचाच्या वर राहणं बरं दिसत नाही म्हणाले. ते गेल्यावर आमच्याकडे पाऊस लागला आणि एका रविवारी नवरा मागच्या दारात उभा राहून म्हणाला, "अगं, पॅटिओवरचं ते डबकं गेलं कुठे?" आमच्या स्वयंपाकघराच्या दारात पाऊस पडला की हमखास डबकं साचायचं. दोन बिल्डर बोलावून झाले होते. आता फरश्या लखलखीत आणि पाणी गुलाबाच्या मुळाशी गेलेलं. मी सांगलीला फोन लावला.

"ते होय? ते तर मी मे महिन्यातच केलं. सहा फरश्या उचलून खालची वाळू जरा सारखी केली. तुम्ही कामाला गेला होता."

सहा महिने आम्ही त्या फरश्यांवरून ये-जा करत होतो.

पुढे दर रविवारच्या फोनच्या शेवटी त्यांचा प्रश्न ठरलेला. "काय, बघितलंस का तळं?" मी म्हणायचे, ईस्टरला जाते, अण्णा. ईस्टरला ऑफिसात रिलीज निघायचं. मग समरला जाते. समरमध्ये तिकिटं मिळायची नाहीत. खरं कारण एवढंच, की त्या दारात मी काय बोलले होते ते मला आठवायचं नव्हतं. माफी मागायला हवी होती. मागितली नाही. फोनवर कसं बोलायचं, समोरासमोर बोलू, असं दोन वर्षं म्हणत राहिले. ते मात्र कधीच काही लागल्यासारखं बोलले नाहीत. नंतर नंतर ते नुसतंच "काय?" म्हणायचे आणि हसायचे.

अण्णा एका मंगळवारी गेले. सकाळी झाडांना पाणी घातलं, आत येऊन खुर्चीत बसले, आणि तिथेच. मी सांगलीत पोचले तोवर सगळं उरकलेलं होतं. मागच्या अंगणात नळाची रबरी नळी त्यांनी नीट गुंडाळून ठेवली होती.

गेल्या फेब्रुवारीत मी एकटीच ग्रानाडाला गेले. मुद्दाम साडेअकराचीच वेळ घेतली आणि साडेदहाला दारात जाऊन उभी राहिले. आत गेले. भिंती, कमानी, छतं, सगळीकडे नक्षी, इतकी बारीक की डोळे दुखावेत. सगळ्यांच्या माना वर होत्या. मी खाली फरशीकडे बघत चालले होते, हे बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं. मग एका दारातून ऊन आलं आणि समोर ते तळं होतं, कातरलेली झुडपं, मनोरा, आणि पाण्यातला उलटा मनोरा. चित्रात नव्हता तो अलीकडचा काठ माझ्या पायांशी होता.

मी तिथेच खाली बसले. लोक वळसा घालून जात होते. बघून झाल्यावर पिशवीतली अर्धी बाटली काढली आणि काठाशी आडवी ठेवली. पडली असेल असं समजून एका पहारेकऱ्याने ती उचलून अदबीने माझ्या हातात दिली. मी दुसरा हात फोनकडे नेला होता. सांगलीला दुपारचे साडेचार वाजून गेले असणार, त्यांची चहाची वेळ, हा हिशेबही मनात झाला होता. मग आठवलं. त्या गर्दीत मी हमसून रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

सांगायचं तर राहिलंच. म्हणून इथे सांगते.

अण्णा, तळ्याच्या दोन्ही टोकांना, अगदी जमिनीलगत, एकेक उथळ संगमरवरी परात आहे. तिच्या मधोमध पाणी हळूच वर येतं, दूध तापताना येतं तसं. परातीत पसरतं, आणि तिथेच त्याचा जोर मोडतो. मग एका अरुंद पन्हाळीतून उतरतं आणि काठाला धरून आत सरकतं. मी अर्धा तास बघत होते. मनोरा एकदाही हलला नाही. पाणी येत राहतं, पण आल्याचं कळत नाही.

तुम्ही आमच्याकडे पाच महिने होता. मला वाटायचं, आमचं घर मुळातच शांत आहे.