मल्लूअण्णांनी बांधलेलं यान

मल्लूअण्णा गेल्याचं त्यांच्या पत्नीनं, गिरिजावहिनींनीच फोनवर सांगितलं. "भावजी, अण्णा गेलं. सकाळी चहा पिता पिता. दुपारी माती हाय, या." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी बँकेत काउंटरवर होतो, समोर रांग होती... आणि खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी चीड आली. एवढा कसबी माणूस, आणि दाखवायला मागं काहीच न ठेवता कसा गेला? त्याला आता महिना होऊन गेला. चीड अजून उतरलेली नाही.

मल्लूअण्णा सिनेमा-मालिकांचे सेट उभे करायचे. मंगळवार पेठेत आमची घरं पाठीला पाठ लावून होती. मी नोकरी सांभाळून हौसेनं नाटकांत कामं करायचो. घरोघर केबल पोचायला लागली त्या दिवसांत इथल्याच एका निर्मात्यानं मुलांसाठी अंतराळावरची मालिका काढली. यान बांधायचं काम अण्णांना मिळालं आणि यानचालक म्हणून मला घेतलं. तोवर अण्णांनी राजांचे दरबार आणि पोलीस चौक्याच बांधल्या होत्या. पण प्लायवूडला हात लावायच्या आधी त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "तू यानात दिवसभर करतोस काय, ते सांग."

मी हसलो. ते हसले नाहीत. "न्हाय, खरंच सांग. जागा झाल्यावर पहिला हात कशाला जातो?"

पडद्यावरच्या पॅनेलवर कुणी कधी काम केलेलं नसतं म्हणून ते खोटं वाटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. रोज लागणारं बटण हाताशी पाहिजे, क्वचित लागणारं लांब, आणि चुकून दाबलं तर जिवावर बेतेल ते झाकणाखाली. ओळखीनं त्यांनी एका साखर कारखान्याची कंट्रोल रूम पाहून घेतली. तिथून आले ते वेगळ्याच उत्साहात. तिथल्या तबकड्या म्हणे अशा फिरवून बसवल्या होत्या, की सगळं सुरळीत असलं की प्रत्येक काटा सरळ उभा. आकडे वाचायचेच नाहीत. दारातून नजर टाकली की वाकडा काटा आपोआप दिसतो. मग उद्यमनगरातल्या भंगारातून जुनी प्रेशर मीटर, स्कूटरचे स्पीडोमीटर, ट्रॅक्टरचे खटके असं काय काय गोळा झालं. ज्या खटक्यांवर माझा हात सारखा जाणार, तिथला रंग त्यांनी पॉलिश पेपरनं घासून उडवला. "वापर दिसायला पाहिजे," म्हणाले. पॅनेलवर दिवा एकच, तोही विझलेला. बिघाड झाला तरच लागणार.

तालमीच्या दिवशी मी त्या खुर्चीत बसलो. मागून अण्णांनी दोरी ओढली आणि उभ्या काट्यांच्या रांगेतला एक काटा हळूहळू कलायला लागला. मला संवाद आठवेना. हात आपोआप त्या काट्याखालच्या खटक्याकडे गेला.

तेवढ्यात निर्माते आले. "हे काय घड्याळाचं दुकान मांडलंय? लाइट कुठं हाईत?"

अण्णांनी शांतपणे सांगितलं, "सगळेच दिवे लुकलुकायला लागले, तर बिघाड कुठला ते ह्यानं ओळखायचं कसं?"

"डायलॉग हाय की. तो सांगंल, बिघाड झाला म्हणून."

दिग्दर्शक मान खाली घालून कागद चाळत राहिला. तासाभरात मंडपवाल्याकडून लाल-हिरव्या दिव्यांच्या माळा आल्या आणि तबकड्यांवर आडव्यातिडव्या ठोकल्या गेल्या. मी त्या लखलखाटात डोळे मिचकावत 'बिघाड झाला' म्हणालो. मालिका लागली तेव्हा पेठेतल्या पोरांनी मला महिनाभर 'गणपतीचं यान' म्हणून हाका मारल्या. अण्णांनी एकही भाग पाहिला नाही.

चिडायला पाहिजे होतं त्यांनी. भांडायला पाहिजे होतं. ते लग्नाचे स्टेज आणि गणपतीची आरास करत राहिले, आणि पॅनेल गावाकडं, गडमुडशिंगीला, चुलतभावाच्या शेडात नेऊन ठेवलं. पुढं बऱ्याच वर्षांनी, मोबाइल सगळ्यांच्या खिशात आल्यावर, पुण्याचा एक तरुण जाहिरातीसाठी यान पाहिजे म्हणून आला. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून त्यानं इथंच भाड्यानं घेतलेल्या स्टुडिओत गेले, मलाही सोबत नेलं. तिथं हिरवं कापड ताणलेलं आणि पुढं नुसती खुर्ची.

"पॅनेल कॉम्प्युटरवर करू, काका. स्क्रीन हवेतच असतील."

"मग त्यानं हात कुठं टेकायचा?"

"टेकायचाच नाही."

"दिवसभर हात असा पुढं धरून बघ की," अण्णा म्हणाले. त्यानं बिचाऱ्यानं धरलाही. थोड्या वेळानं खाली घेतला, खांदा चोळला, हसला. "पटतंय काका. पण दिसायला भारी दिसतं."

परतताना मी रिक्षात त्या तरुणाला शिव्या घालत होतो. अण्णा म्हणाले, "त्याला पटलं तरी. मागच्या वेळी तेवढंबी न्हवतं." मला त्यांचाच राग आला. एवढ्यावर कसं काय भागतं माणसाचं?

मातीनंतर आठवड्यानं मी गडमुडशिंगीला गेलो. प्लायवूड फुगून सुटलं होतं, वर वैरण रचलेली, तबकड्या कुणी कुणी काढून नेलेल्या. एक फोटो नाही. मालिकेच्या टेपांवर निर्मात्यानं दुसरंच काही भरलं म्हणतात. अण्णांनी काय केलं होतं हे आता कुणाला सांगायचं, तर माझ्या तोंडच्या शब्दाशिवाय पुरावा नाही.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो होतो. त्या परातीत कणीक मळत होत्या. उकडत होतं. "पंखा लावते," म्हणून त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि माझ्याशी बोलता बोलताच, कणकेची बोटं वर धरून, मागं न बघता कोपरानं खटका दाबला. पंखा फिरायला लागला. मी बोर्डाकडे पाहिलं. खटके कोपराच्या उंचीवर, खोलीत दिवे-पंखे ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं. पंख्याचा तेवढा जरा मोठा आणि पुढं आलेला, त्यावरचा रंग उडालेला.

"असा खाली कुणी बसवला?" मी विचारलं.

"ह्यांनीच की. लग्न झाल्या झाल्या. माझा हात कुठं कुठं जातो, ते आठ दिवस नुसतं बघत बसलं होतं," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा कणकेकडे वळल्या.