डिस्क अडकत नाही, ही तक्रार

"तुमची तक्रार काय आहे, सर?"

"डिस्क अडकत नाही."

फोनवरच्या कस्टमर केअरच्या मुलीने बहुतेक कानातला हेडफोन काढून, झटकून परत घातला असावा.

"सर, डिस्क अडकते आहे?"

"नाही मॅडम. अडकत नाही. सुरळीत चालते. हीच तक्रार आहे."

"सर, माझ्याकडे यादी आहे. डिस्क अडकते, डिस्क बाहेर येत नाही, चित्र येत नाही, आवाज येत नाही. 'सुरळीत चालते' असं यात काही नाही."

"मग 'आवाज येत नाही' लिहा," मी म्हणालो. "एका माणसाचा आवाज येत नाही."

मी तेव्हा पवनानगरला एका घराच्या ओटीवर उभा होतो. समोर खाटेवर बसलेले बबनआबा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मागच्या गोठ्यात त्यांचा म्हातारा बैल तीन दिवस उपाशी बसून होता. आणि हे सगळं मी करून ठेवलं होतं, तेही चहा पिऊन, शाबासकी घेऊन.

लोणावळ्यात माझं टीव्ही आणि प्लेअर दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या हाताखालून गेलेले प्लेअर एकावर एक रचले तर नागफणीचा सुळका त्यांच्यापुढे पाट वाटेल. आमची हवा दमट इतकी, की प्लेअरच्या लेन्सवर बुरशी धरते. एका बंगल्यातल्या प्लेअरमध्ये एवढी धरली होती की मी तिची भाजी करून खाल्ली. बायको म्हणते, मी फार वाढवून सांगतो. असेल. पण या गोष्टीतला बैलाचा भाग मी अजिबात वाढवलेला नाही, आणि लोकांना नेमका तोच खोटा वाटतो.

बबनआबांनी पवनेच्या पाण्याकाठी एका मुंबईकर साहेबांचा बंगला वीसेक वर्षं राखला. काम सोडताना साहेबांनी त्यांना आपला टीव्ही आणि ब्लू-रे प्लेअर देऊन टाकला. ब्लू-रे प्लेअर म्हणजे डीव्हीडी प्लेअरचा शिकलेला मोठा भाऊ. पण आबांकडे त्यात घालायला डिस्क एकच. पंधराएक वर्षांपूर्वीच्या बैलगाडा शर्यतीची, गावातल्या फोटोवाल्याने काढलेली. त्यात आबांचा हौश्या घाटात पहिला आला होता. आमच्याकडे घाट म्हणजे गाडे पळवायची चढाची धाव.

पहिला फोन त्यांच्या सुनेचा, सुनंदाताईंचा. "भाऊ, ती डिस्क रोज सांच्याला एकाच जागी अडकतीय. तेच तेच, तेच तेच. माजं डोकं उठलंय. कायतरी करा."

गेलो. डिस्क लावली. गाडा सुटला, धुरळा उडाला, लोक ओरडले, गाडा निशाणापार गेला. मग कुणीतरी माईक हातात घेतला. खडा, रांगडा आवाज. "ये रं हौश्या, ये!" आणि तिथेच अडकलं. "ये रं हौश्या, ये! ये रं हौश्या, ये! ये रं हौश्या, ये!" खाटेवरचे आबा उठले, शांतपणे आले, प्लेअरच्या डोक्यात एक थप्पड घातली. डिस्क पुढे गेली.

"बगितलं?" सुनंदाताई म्हणाल्या. "रोज ह्येच."

डिस्क धरून बघितली. त्या एका जागी चरे होते. फिरत्या डिस्कवर रोज थप्पड बसली की असं होतं. डिस्क बदलणं शक्य नव्हतं, म्हणून मी प्लेअरचं फर्मवेअर बदलायचं ठरवलं.

फर्मवेअर म्हणजे यंत्राला कारखान्यात लावलेलं वळण. डिस्क कशी वाचायची, वाटेत चरा आला तर काय करायचं, ते सगळं त्यात असतं. कंपनी मधूनमधून हे वळण सुधारते, त्याला अपडेट म्हणतात. जुन्या वळणाचा प्लेअर चऱ्यापाशी हट्टाला पेटतो, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून बघतो. नव्या वळणाचा शहाणा. चरा दिसला की उडी मारतो आणि पुढचं दाखवतो.

नवं फर्मवेअर माझ्या पेन ड्राइव्हमध्ये होतं. लावलं. 'अपडेट करायचं का?' 'होय.' पडद्यावर निळी पट्टी सरकायला लागली.

तेवढ्यात आबा उठले. दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागले. एक हात गळ्याकडे नेला, एक गोठ्याकडे केला, आणि थेट प्लगकडे धावले.

मी त्यांचं मनगट धरलं. अपडेट चालू असताना वीज गेली तर प्लेअर कायमचा दगड होतो. "आबा, आता हात लावू नका! मशीन मरेल!"

"त्येंना बोलता येत न्हाई, भाऊ," सुनंदाताई म्हणाल्या. "चार वर्सं झाली, गळ्याचं आपरेशन झालंय. आवाजाची पेटीच काढली. मशीनची काळजी करत्यात."

मला ते पटलं. मी आबांचं मनगट दहा मिनिटं धरून ठेवलं. ते आधी ओढत होते, मग ओढायचे थांबले.

अपडेट झालं. डिस्क लावली. गाडा सुटला, धुरळा, आरडाओरडा, गाडा निशाणापार, आणि टुणकन गुलाल. मधला माईक नाही, हाक नाही, काही नाही. लोण्यासारखी चालली. सुनंदाताईंनी हात जोडले. मी दोन कप चहा प्यायलो आणि लोणावळ्यापर्यंत गाडीवर स्वतःचंच कौतुक करत आलो. आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते, ते मला दिसलं होतं. म्हातारं माणूस, दमलं असेल, असं मनात म्हटलं.

चौथ्या दिवशी सकाळी परत फोन. "भाऊ, बैल खाईना झालाय."

"ताई, मी टीव्हीवाला. ढोरांचे डॉक्टर वेगळे."

"त्ये यून गेले. म्हनले, वय झालंय. पन आजउद्या उटला न्हाई तर परत उटायचा न्हाई म्हनले." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "आबा तुमचं दुकानाचं कारड घिऊन बसल्यात. खुणेनं सांगत्यात, तुमालाच बोलवा. या की हो."

गेलो. आबांनी या वेळी माझं मनगट धरलं आणि मला गोठ्यात नेलं. हौश्या पाय पोटाखाली घेऊन बसला होता. वीस वर्षांचा बैल म्हणजे माणसातला नव्वदीचा. पुढ्यातल्या हिरव्या कडवळाला तोंडसुद्धा लावलेलं नव्हतं. आबा त्याच्यासमोर उकिडवे बसले, मान पुढे केली आणि तोंड उघडलं. गळ्याला बांधलेल्या पांढऱ्या फडक्यामागून नुसती हवा फसफसली. बैलाने कान हलवला नाही. आबांनी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा.

तिसऱ्या वेळी मी त्यांच्या ओठांकडे बघितलं. ये. रं. हौश्या. ये.

"ताई," मी म्हणालो, "डिस्कमध्ये माईकवर ओरडतो, तो कोण?"

"आबाच की! गाडा पयला आला तवा निवेदकाच्या हातातला माईक हिसकून घेतलता त्येंनी..." आणि त्या तिथेच थांबल्या. माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं. "आगं बया. मी समजत व्हते, आबांचा डोळा लागतोय, म्हनून त्ये अडकल्यालं बंद करत न्हाईत. मी त्या टायमाला डेरीवर असते. आल्यावर नुसती शेवटची कटकट कानावर."

आबा चार वर्षं बैलाला रोज वैरणीला हाक मारत होते. ओटीची खिडकी गोठ्याकडे उघडते. डिस्क अडकली की आवाज सुरू, बैल उठून गव्हाणीला आला की एक थप्पड, आवाज बंद. आणि ती हाक मी अपडेट करून टाकली होती.

आबांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. त्यांनी फक्त माझ्या खिशातल्या पेन ड्राइव्हला बोट लावलं आणि हाताने मागे, मागे अशी खूण केली. जुनं घाल.

म्हणून तो कस्टमर केअरचा फोन. मॅडमनी शेवटी मला वरच्या इंजिनिअरकडे दिलं. तो माझ्या ओळखीचा निघाला.

"जुनं फर्मवेअर परत घालायचंय," मी म्हणालो.

"नाही जात. नव्यावर जुनं बसत नाही. पण का? नवं तर मस्त आहे."

"मस्त आहे म्हणूनच."

"बरा आहेस ना?"

मग लॅपटॉपमध्ये डिस्क घातली, म्हटलं कॉपी काढून घेऊ. लॅपटॉप प्लेअरपेक्षा शहाणा निघाला. सगळी शर्यत उतरवली, आणि बरोब्बर माईकच्या जागी 'वाचता येत नाही'. त्या चऱ्यातून आवाज काढायला हट्टीच यंत्र पाहिजे होतं.

ओटीवर बसून डोकं खाजवताना आठवलं. साहेबांनी असले प्लेअर दोन घेतले होते. दुसरा त्यांच्या कुरवंड्याच्या बंगल्यात. मीच बसवून दिला होता, आणि तो कुणी कधी लावलेला मी ऐकला नव्हता. म्हणजे त्यात अजून जुनंच फर्मवेअर असणार. साहेबांना फोन केला.

"तो अजून आहे का?" साहेब म्हणाले. "घेऊन जा. आबांना सांग, मी आठवण काढली."

पवनानगर ते कुरवंडे मी ज्या वेगाने गाडी मारली, त्या वेगाने आमच्या घाटात हौश्या पळाला असता तर निवेदकाला बोलायला वेळच मिळाला नसता. बंगल्यावर पोचतो तर तिथला रखवालदार पुढे. मला मदत म्हणून त्याने प्लेअर आधीच चालू करून ठेवलेला.

"बगा की, चालतोय! पन कायतरी विचारतोय."

पडद्यावर लिहिलं होतं : नवीन अपडेट उपलब्ध आहे. आपोआप सुरू होईल. दहा. नऊ. आठ.

रिमोट दिसेना. सात. सहा. मी मागच्या इंटरनेटच्या वायरला दोन्ही हातांनी हिसका दिला. वायर आली, तिच्याबरोबर टेबल आलं, टेबलावरचा काचेचा घोडाही आला. तो रखवालदाराने झेलला. पडद्यावर 'अपडेट रद्द'. आम्ही दोघं खाली फरशीवर बसलो.

"येवढं काय व्हतं त्यात?" त्याने विचारलं.

"बैल," मी म्हणालो.

सांच्याला परत पवनानगर. प्लेअर जोडला. सुनंदाताई त्या दिवशी डेरीवर गेल्याच नाहीत. आबा कडवळाचा भारा काखेत घेऊन गोठ्याच्या दारात उभे.

गाडा सुटला. धुरळा. आरडाओरडा. निशाण. माईक.

"ये रं हौश्या, ये!"

अडकलं. देवा, इतक्या छान पद्धतीने डिस्क अडकलेली मी जन्मात बघितली नाही.

"ये रं हौश्या, ये! ये रं हौश्या, ये!"

आधी एक कान वळला. मग दुसरा. मग शेपटी. मी सांगताना सांगतो की बैल चौथ्या हाकेला उठला. सुनंदाताई म्हणतात सातव्या. त्याने पुढचे गुडघे टेकले, मागचा भाग उचलला, डुलला, आम्हाला वाटलं पडला, आणि उभा राहिला. गव्हाणीपर्यंत आला. आबांनी मूठभर कडवळ पुढे केलं. हुंगलं. मग त्याची जाड जीभ बाहेर आली आणि आबांच्या मनगटासकट सगळं ओढून घेतलं. ज्या मनगटाला मी दहा मिनिटं धरून ठेवलं होतं, तेच.

आबा बैलाच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहिले. ओटीवर त्यांचा पंधरा वर्षांपूर्वीचा आवाज ओरडतच होता. आता थप्पड घालायला कुणी नव्हतं, म्हणून मी हात उचलला.

सुनंदाताईंनी माझा हात धरला. पदराने नाक पुसलं. "असू द्या, भाऊ. अडकू द्या."

आवाज मी तिथल्या तिथे मोबाइलवर उतरवून घेतला. तो आता आबांच्या घरी, माझ्या घरी आणि दुकानात, अशा तीन ठिकाणी आहे. पण मोबाइलवरची हाक आबांना चालत नाही. थप्पड मारायला जागा नाही. त्या प्लेअरच्या इंटरनेटच्या आणि पेन ड्राइव्हच्या दोन्ही भोकांत मी खिडक्यांच्या काचा बसवायला लावतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून टाकली. हौश्याने त्यानंतर एक अख्खा पावसाळा काढला, आणि अजून संध्याकाळी गव्हाणीला येतो. सावकाश येतो, पण येतो.

माझ्या दुकानाच्या जॉब कार्डवर 'तक्रार' असा रकाना छापलेला आहे. त्याच्या खाली आता मी पेनाने एक रकाना आखतो : घरात आणखी कोण आहे, त्यांना विचारलं का? बोलता न येणाऱ्यांना आधी. त्यात वेळ जातो, गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.

परवा कंपनीकडून मेसेज आला. आपल्या तक्रारीचं निवारण झालं का? मी लिहिलं, झालं. डिस्क अडकते.