आत्यासकट विकलेला ट्रक

गेल्या वैशाखात माझ्या वडिलांनी माझा ट्रक विकला. ट्रकमध्ये आत्या होती.

विकायचा होता, हे कबूल. (आत्याला नव्हे, ट्रक.) नागपूरच्या जरीपटक्यात माझा बिछायतीचा धंदा आहे. म्हणजे लग्नाच्या मांडवाला लागणारे गालिचे, खुर्च्या, पडदे आणि नवरा-नवरीला बसवायचा तो उंच पाठीचा सोनेरी सोफा मी भाड्याने देतो. या सगळ्यासाठी एक छोटा ट्रक, आणि घरच्या चार माणसांसाठीही तोच! दोघं केबिनमध्ये, दोघं मागे गालिच्यांच्या गुंडाळ्यांवर. एका लग्नाला जाताना माझ्या बायकोच्या, वंदनाच्या, नव्या शालूला ग्रीस लागलं आणि त्या दिवसापासून तिनं सात सीटांच्या गाडीचा धोशा लावला.

मी नाही कधीच म्हटलं नाही. मी फक्त वेळ सांगत गेलो. लग्नसराई संपली की ट्रक विकून देऊ. पोळा झाला की देऊ. टायर नवे आहेत, ते घासले की देऊ. टायर घासल्यावर मी म्हटलं, असल्या टायरांचा ट्रक घेईल कोण, नवे टाकले की देऊ. अशी तीन वर्षं गेली. खरं सांगायचं तर माझा त्या ट्रकवर जीव होता, आणि हे बायकोला सांगायची हिंमत नव्हती.

मग आमच्या पोरीचं, प्राचीचं, उमरेडला जमलं. मुलाच्या आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, त्यांच्याकडेच ठरलं. वंदनानं मला स्वयंपाकघरात बोलावलं. (तिथे बोलावलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.)

"सोयऱ्याच्या दारात मी ट्रकमधून उतरणार नाही, सांगून ठेवते."

"अवं, पण सोफा न्यायचा आहे ना. आपल्या पोरीच्या साक्षगंधाले दुसऱ्याचा सोफा?"

"मंग बसा त्या सोफ्यावर तुम्हीच."

शेवटी तोडगा निघाला. पारशिवनीचे लांजेवार नावाचे एक संत्रावाले ट्रक दोनदा पाहून गेले होते. त्यांच्याशी तोंडी सौदा झाला: रविवारी साक्षगंध, सोमवारी ट्रक त्यांचा, आणि मंगळवारी आमच्या दारात सात सीटर. रविवारच्या प्रवासापुरता वंदनानं मनावर दगड ठेवला. सोयऱ्यांच्या घराअलीकडे एक वळण आहे, तिथेच उतरून चालत जायचं, असं तिनं नकाशा पाहून ठरवलंसुद्धा.

रविवारी सकाळी सोफा ट्रकमध्ये चढला. वारा लागू नये म्हणून त्याचं तोंड केबिनकडे केलं. त्याच्यामागोमाग आत्या चढली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, खास साक्षगंधासाठी आलेली. चांगली जागा जाईल म्हणून ती दोन तास आधीच सोफ्यावर जाऊन बसली, प्राचीनं मुलाला घालायच्या अंगठीची डबी मांडीवर घेतली, आणि प्रवासात मळमळू नये म्हणून उलटीची गोळीही घेतली. त्या गोळीनं मळमळ थांबते की नाही माहीत नाही, झोप मात्र येते.

मी स्कूटरवर हार आणायला गेलो. तिथे उशीर झाला. आमची गल्ली अरुंद. ट्रक उलटा बाहेर काढायलाच पंधरा मिनिटं लागतात. म्हणून मी बाबांना फोन केला. बाबा जुने ड्रायव्हर. तेवढं काम त्यांनी करून ठेवावं, एवढीच माझी इच्छा.

"बाबा, गाडी काढून टाका."

ठेवा म्हणायचं होतं. टाका म्हणालो.

आता आमच्याकडे गाडी गल्लीतून रस्त्यावर आणणं म्हणजे गाडी काढणं. जुनी गाडी विकून मोकळं होणं, तेही गाडी काढणंच. आणि नेमके त्याच वेळी, सोमवारपर्यंत दम निघेना म्हणून ट्रकचं नुसतं दर्शन घ्यायला आलेले लांजेवार बाबांसमोर बसून चहा पीत होते.

"आजच?" बाबांनी विचारलं.

"आजच म्हणजे? आत्ताच!"

"अरे, पण साक्षगंध आहे ना आज."

"म्हणूनच तर म्हणून राहिलो. वंदना किती वेळची मागे लागली आहे."

"पुरा विचार केला ना गा तू?"

"त्याच्यात विचार काय करायचा बाबा? चावी खिळ्याले आहे."

"आन् कागद?"

"कागद गाडीतच आहेत." (इथे मला शंका यायला हवी होती. गल्लीतून गाडी काढायला कागद कशाला लागतात? पण मी हारवाल्याशी घासाघीस करत होतो.)

"सोफ्याचं काय करू?"

"राहू द्या ना तो गाडीतच!"

"बरं," बाबा म्हणाले. "तू मालक."

मी घरी पोचलो तर ट्रकची जागा रिकामी. दारात रांगोळी, आणि वंदना हातात आरतीचं ताट घेऊन उभी. ताटात नारळ, लिंबू, हळदकुंकू. माझ्या हातातले हार पाहून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"हारही घेऊन आले," ती प्राचीला म्हणाली. "अन् मी या माणसाले काय काय बोलत होती!"

झालं होतं असं की, बाबांनी घरात येऊन "पोट्ट्यानं काढली गाडी एकदाची" एवढंच सांगितलं होतं. आता नवी गाडी विकत घेणं, हेही गाडी काढणंच! ती गल्लीच्या टोकाकडे पाहत होती. मीही पाहिलं. टोकाला एक गाय होती.

"गाडी कुठं आहे?" वंदनानं मला विचारलं.

"गाडी कुठं आहे?" मी बाबांना विचारलं.

"कामठीच्या पुढं गेली असंल आता," बाबा समाधानानं म्हणाले. "पारशिवनीले."

"पारशिवनीले काहून? आपल्याले उमरेडले जायचं आहे!"

"मले काय माहीत गा? तूच म्हणला काढून टाका. लांजेवार बिचारे सोफा फुकट भेटला म्हणून माह्या पाया पडून गेले."

माझे हातपाय गार पडले. वैशाखात, नागपुरात, गार! वंदनाच्या हातातलं ताट हळूहळू तिरकं झालं आणि नारळ गडगडत माझ्या पायाशी आला. मग प्राचीनं शांतपणे विचारलं, "पप्पा, आत्याआजी कुठं आहे?"

बाबांना ती दिसलीच नव्हती. सोफ्याची पाठ एवढी उंच, की मागून पाहणाऱ्याला त्यावर अख्खं वऱ्हाड बसलंय की कुणीच नाही, कळायला मार्ग नाही. आत्या गेली, अंगठी गेली, सोफा गेला आणि सोयरे अकरा वाजता वाट पाहणार. मी लांजेवारांना फोनवर फोन केले. ते उचलेनात. मी खरोखर घाबरलो होतो. एका शब्दानं मी पोरीचं साक्षगंध मोडतो की काय, असं वाटत होतं, आणि ती मात्र नव्या साडीत ओट्यावर बसून मलाच पाणी देत होती.

अर्ध्या तासानं फोन वाजला. लांजेवार होते.

"भाऊ, मी कन्हानले चहा प्याले थांबलो. मागून आवाज आला, उमरेड आलं काय गा? माह्या हातातली कपबशी पडली. भाऊ, तुमच्या गाडीत बाई आहे."

"ती आमची आत्या आहे."

"पण सौद्यात आत्या नव्हती भाऊ!"

मग आत्यानं फोन घेतला. मी ट्रक विकला गेल्याचं तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, तो विक नाहीतर फेकून दे, मी आता उतरून पुन्हा चढणार नाही, गुडघे काय भाड्याचे आहेत काय? तिनं लांजेवारांना आधी परत नागपूर आणि मग उमरेड असा हुकूम सोडला. आत्याला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

लांजेवार सज्जन माणूस. आले. मी सवयीनं ड्रायव्हरच्या दाराला हात घातला तर त्यांनी तो हलकेच बाजूला केला. "गाडी आता माही आहे भाऊ. चालवीन मीच." केबिनमध्ये त्यांच्या शेजारी वंदना आणि प्राची बसल्या. मागे सोफ्यावर आत्या आणि बाबा. मी गालिच्याच्या गुंडाळीवर, दोन हातांनी सोफा धरून. अख्ख्या उमरेड रोडची धूळ माझ्या नव्या कुर्त्यावर बसली. घाईगडबडीत ते ठरलेलं वळण कधी मागे पडलं, कुणाच्याच लक्षात आलं नाही.

ट्रक थेट सोयऱ्यांच्या मांडवासमोर थांबला. स्वागताला मुलाचे मामा उभे होते. त्यांनी आम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना एवढंच सांगितलं होतं की, मुलीकडचे येतील आणि नागपूरहून सोफाही येईल. पुढचं दार उघडलं. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात चेन, असे लांजेवार खाली उतरले. त्यांच्या मागून शालू सावरत वंदना, आणि मग प्राची.

"या इवाई, या!" म्हणत मामांनी लांजेवारांना व्याही समजून मिठी मारली, कपाळाला टिळा लावला, खांद्यावर शेला घातला. वंदनानं शालूचा पदर तोंडावर ओढला. लांजेवारांनी दोनदा तोंड उघडलं, पण मामांनी त्यात पेढा भरला.

मी मागून उडी मारून धावलो, तर मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इतका उशीर करत असते काय गा? मुलीवाले येऊन उभे आहेत अन् तुमचा सोफा अजून गाडीतच? चाल, उतरव लवकर. स्टेजवर लाव."

आणि इतक्या वर्षांची सवय वाईट. माझ्या बाह्या आपोआप वर गेल्या! मी मुलीचा बाप आहे, हे सांगायच्या आधी मी आत्याला उतरवलं होतं, बाबांना उतरवलं होतं आणि सोफ्याचं एक टोक खांद्यावर घेतलं होतं. सोफा फळीवरून सरकवताना कर्रर्र आवाज झाला. तेवढ्यात शेल्याची टोकं सावरत, तोंडातला पेढा कसाबसा गिळत लांजेवार माझ्याकडे धावत आले. मला वाटलं, आता हे खुलासा करतील.

"भाऊ, जरा सांभाळून," ते कळवळून म्हणाले. "गाडीले ओरखडे पडून राहिले."

मी म्हटलं, "हो साहेब."