अस्वल झोपलं होतं
इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला, की मला स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरमधली एक रविवारची दुपार आठवते. बाबांनी सुपेल्याच्या बाजारातून व्हीसीआर भाड्याने आणला होता आणि ते स्पिरिटने त्याचं हेड पुसत होते. कॅसेट आमच्या लाडक्या चित्रपुस्तकावरच्या सिनेमाची होती, हिंदीत केलेली. पुस्तक मात्र रशियन, बाबांना प्लांटमधल्या एका रशियन साहेबाने दिलेलं. आईला त्यातलं एक अक्षर वाचता येत नसे. चित्रं बघूनच ती गोष्ट सांगायची. शेवटच्या पानावर बर्फात डोळे मिटलेलं अस्वल होतं आणि आई दर वेळी म्हणायची, "थकलं बिचारं, झोपून राहिलं." सिनेमात ते अस्वल मेलं, आणि हिंदीत तसं स्पष्ट सांगितलंही. धाकटी बहीण टीव्ही सोडून आईकडे बघायला लागली. "आई, तू तं म्हणत होती झोपलं!" आईचेही डोळे भरले होते. ते पदराने पुसून तिने ठणकावलं, "झोपलंच हाय ते. या पिच्चरवाल्यायले काय समजते?" बहिणीला पटलं; मलाही. पुस्तक अजून माझ्याकडे आहे. आता म्हणे पानावर फोन धरला की कुठलीही भाषा मराठीत वाचता येते. मी अजून धरलेला नाही.