चुलीपुढे विरघळलेले केस

काल वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने कोको बटरची डबी उघडली आणि चॉकलेटसारख्या त्या वासाने मी उगाचच घड्याळाकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी इथे जागा मिळावी म्हणून मला शहापूरला मुलाखतीला यायचं होतं. जागा मिळाली नसती, तर मुरबाडकडच्या आमच्या गावातून रोज येणं जमलं नसतं आणि कॉलेज सुटलं असतं. केस नीट बसावेत म्हणून आदल्या संध्याकाळी मी वर्गातल्या मुलीने दिलेलं कोको बटर पातळ केलं आणि आमच्या घरी खोबरेल चोपडतात तसं सगळं डोक्यावर थापलं. सकाळच्या थंडीत ते मेणासारखं गोठलं, केस पांढरट आणि ताठ झाले, फणी मधेच अडकली. "खोबरेल समजलीस काय गो?" आई म्हणाली. "आये, एसटी जाईल," मी रडकुंडीला आले. "मग अशीच जातेस, डोक्यावर मेणबत्ती घेऊन?" तिने मला चुलीकडे पाठ करून बसवलं. केस उबेने सुटत गेले तसे ती विंचरत गेली, आणि फणीला आलेलं बटर भातकापणीने भेगाळलेल्या आपल्या तळहातांना चोळत राहिली. "वाया कशाला घालवायचा? म्हागाचा माल हाय." माझं लक्ष सारखं बाहेर, फाट्याकडे होतं. घट्ट वेणी घालून मी धावत सुटले. एसटी मिळाली, पुढे जागाही मिळाली. काल मैत्रीण म्हणाली, "केसांना लावतेस?" मी बोटभर घेतलं आणि तळहातांना चोळलं.