बिघडलेल्याचाही बॅकअप

देवासच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरला शिव्या घालायची मुभा सगळ्यांना होती. डेटाबेसला हात लावायला मात्र आत्यांना विचारावं लागे. आत्या म्हणजे आमचा डेटाबेस सांभाळणाऱ्या बाई. माहेर धारचं, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि तोंडी एकच मंत्र: "आधी बॅकअप, मग बाकीची अक्कल."

त्यांना घाई खपत नसे. साहेब केबिनमधून ओरडले, तरी बाई शांतपणे पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरत म्हणायच्या, "कॉपी होतेय, साहेब. तोवर पोहे खा." आणि साहेब खायचेसुद्धा!

एकदा धारच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी धापा टाकत आले. मंडळानं घरोघरच्या म्हाताऱ्यांकडून ओव्या, अंगाईगीतं ऐकून थेट कॉम्प्युटरवर उतरवली होती. सांगणाऱ्या बहुतेक जणी आता नव्हत्या आणि कागदावर एक अक्षर नव्हतं. या गृहस्थांनी कुणाच्या तरी सल्ल्यानं त्या एकुलत्या एक डेटाबेसचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, बदलून टाकलं. झालं! मराठी गायब, पडद्यावर टोप्या घातलेली फिरंगी अक्षरं.

"ताई, एकच बटण दाबलं हो! सब चौपट हो गया!"

"बॅकअप?"

सेक्रेटरी आपल्या चपलांकडे बघायला लागले.

मला वाटलं, आता यांची धडगत नाही. पण आत्यांनी निमूटपणे आधी त्या कचऱ्याचीच कॉपी घेतली आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, "बिघडलेल्याचाही बॅकअप घ्यावा, भिया. आणखी बिघडायला जागा असतेच."

मग म्हणाल्या, "डब्यात रवा होता, वर चिठ्ठी साखरेची. चिठ्ठी बदलायची सोडून तुम्ही मालच बदलायला गेलात." म्हणजे अक्षरं आत आधीपासून नीट युनिकोडमध्येच होती, डेटाबेस मात्र त्यांना इंग्रजी समजत होता. आता आल्या वाटेनं मागं जायचं आणि नुसती चिठ्ठी बदलायची.

तेही थेट नाही. आधी कॉपीवर, एकाच गाण्याची तालीम. आत्यांनी एक अंगाई निवडली, कमांड दिली, आणि काय सांगू, टोप्या उतरल्या! लख्ख मराठी! सेक्रेटरींनी तर टाळ्याच वाजवल्या. आत्या मोठ्यानं वाचायला लागल्या आणि दुसऱ्याच ओळीला पडद्यावर बोट ठेवून थांबल्या.

"माझ्या आईची आहे गं," त्या मला म्हणाल्या. "मंडळाच्या पोरींनी घेतली उतरवून. जन्मभर बॅकअप बॅकअप करत बसले मी, आणि आईचा घ्यायचा राहिला बघ."

मला भडभडून आलं. आत्यांनी डोळे पुसले आणि बाकीची गाणी एकेक तपासत सगळी परत आणली. सेक्रेटरी पेढे आणायला धावले.

रिटायर झाल्यावर त्या मुलाकडे बंगलोरला गेल्या. ऑफिस ओकंबोकं झालं, खोटं कशाला बोलू? परवा भरदुपारी त्यांचा फोन आला. मी "आत्याऽ!" म्हणून ओरडले, तर पलीकडून कुजबूज: "हळू बोल गं. मंडळानं गाणी साइटवर टाकलीत ना, तिथं बघून अंगाई म्हणत होते. नातू आत्ता झोपलाय, आईच्या तिसऱ्या ओळीला."